आधी बॅग भर, मग लॅपटॉप बघ

रामबाग, इंदूर

प्रिय भाचीस, अनेक आशीर्वाद.

परवा ताईचा फोन आला. होळकर सायन्सला तुझा प्रवेश पक्का झाला हे तिनं एका दमात सांगितलं आणि श्वासही न घेता पुढे म्हणाली, "हिला लॅपटॉप हवाय, हलका हवा म्हणते, साठ हजारांपर्यंत बसवायचंय, कुठला घेऊ ते सांग." हे काय पोह्यांसोबत कुठली सेंव घेऊ असं विचारणं आहे? म्हटलं, लिहून पाठवतो. बावीस वर्षं लोकांचे बिघडलेले लॅपटॉप उघडतोय, त्यामुळे माझं मत जरा एकांगी असणार, तेवढं समजून घे. माझ्या टेबलावर धडधाकट मशीन कधी येतच नाही.

तू पाठवलेले तिन्ही फोटो बघितले. तिन्ही मशीनं बाजूनं काढलेली, सुरीच्या पात्यासारखी. पातळ आणि हलका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, बेटा. पातळपणा फोटोत दिसतो, वजन दिसत नाही. ते माहितीच्या तक्त्यात अगदी खाली, बारीक अक्षरात असतं आणि त्यात चार्जर धरलेला नसतो.

मागच्या आठवड्यात एक गंमत झाली. आमच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रोज खांदा धरून जिना चढतो. त्याला म्हटलं, चल, मोजूच. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या काट्यावर एकेक वस्तू ठेवत गेलो. गेमिंगचा लॅपटॉप २ किलो ३००. त्याचा विटेएवढा अडॅप्टर वायरसकट ७१० ग्रॅम. भरलेली स्टीलची बाटली सव्वा किलो. डबा ६०० ग्रॅम, वह्या-फाइल एक किलोच्या वर आणि नुसती रिकामी बॅग पाऊण किलो. साडेसहा किलो! दुकानदार म्हणाला, "भिया, इतने में तो गेहूँ आ जाए." पोरगं गेम खेळतं फक्त रविवारी. सहा दिवस ती वीट उगाच वाहतं.

तुझं गणित याहून कडक आहे. महूहून बस, राऊपर्यंत बसायला जागा मिळाली तर नशीब, भंवरकुआंला उतरून कॉलेजपर्यंत चालत, संध्याकाळी तेच उलट. म्हणून तुझ्यासाठी माझा आकडा ठरलाय: मशीन १ किलो ४०० च्या आत आणि चार्जर ३०० ग्रॅमच्या आत. म्हणजे चौदा इंची पडदा. साडेपंधरा इंचीवाले बहुतेक १ किलो ६०० च्या पुढेच जातात आणि बसमध्ये मांडीवरही नीट मावत नाहीत. तेरा इंची आणखी हलका मिळेल, पण त्यावर एका बाजूला पीडीएफ आणि दुसऱ्या बाजूला आर (संख्याशास्त्राच्या कामाची कोडिंगची भाषा) उघडून बस, आठ दिवसांत डोळे चोळशील. चौदा इंचीतही पडदा १६:१० आकाराचा (रुंदी १६ तर उंची १०) बघ, १६:९ चा नको. उंची थोडी जास्त मिळते, कोडच्या चार ओळी जास्त दिसतात.

आता बॅटरी. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण खरा हलकेपणा इथे आहे. बॅटरी दिवसभर पुरली तर चार्जर घरी राहतो. जाहिरातीत 'बारा तास' लिहिलेलं असतं. ते बारा तास मंद उजेडात, वायफाय बंद ठेवून कुणीतरी व्हिडिओ बघितल्याचे असतात. तू ते वाचूच नकोस. बॅटरीवर वॅट-अवर, म्हणजे तिच्यात किती वीज मावते, ते लिहिलेलं असतं, ते विचार. लिहिणं, वाचणं, थोडं ब्राउझर, थोडं पायथनमधलं कोडिंग, एवढ्या कामाला साधा यू मालिकेचा (नावाच्या शेवटी यू असलेला, वीज कमी खाणारा) प्रोसेसर असलेलं मशीन सरासरी सात-आठ वॅट खातं. ५६ वॅट-अवर असतील तर भागाकार तूच कर, सात तास. तुझे वर्ग दहा ते चार. स्वस्त पातळ मशीनमध्ये ४१-४२ वॅट-अवरची बॅटरी टाकतात, त्यात पाच-साडेपाच तास. शिवाय दोन वर्षांत बॅटरी साधारण पाचवा हिस्सा गमावते, तोही आजच धर. म्हणून ५५ च्या खाली जाऊ नकोस. तेवढ्यासाठी मशीन शंभर ग्रॅम जड झालं तर होऊ दे. शंभर ग्रॅम वाढवून तीनशे ग्रॅम घरी ठेवायचे, हा सौदा कधीही चांगला.

चार्जिंग टाइप-सी पिनचं आहे ना, तेही बघ. मग तुझ्या बाबांचा, मैत्रिणीचा, लायब्ररीत शेजारी बसलेल्या अनोळखी मुलाचाही ६५ वॅटचा चार्जर चालतो. जुन्या गोल पिनचा विसरलीस की दिवस गेला.

आता माझी फजिती ऐक. ही तुझ्या आईलाही पूर्ण माहीत नाही. २०१९ च्या दिवाळीत आपल्या दादासाठी, म्हणजे माझ्या मुलासाठी, मी एक अतिशय सुंदर, पातळ लॅपटॉप आणला. कंपनीचं नाव घेत नाही. ऑफर होती, रंग छान होता आणि मी, दिवसभर दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारा माणूस, खालचं झाकण कसं आहे हेसुद्धा न बघता पैसे मोजून आलो. रॅम, म्हणजे चालू कामं धरून ठेवणारी मेमरी, ४ जीबी. म्हटलं, पुढे वाढवू. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, ऑनलाइन वर्ग सुरू झाले आणि व्हिडिओ चालू केला की मशीनला धाप लागायची. एका रात्री रॅम वाढवायला म्हणून झाकण उघडलं. आत रॅमची खाचच नाही! चार काळ्या चिपा थेट बोर्डावर डाग देऊन बसवलेल्या. लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याच्या मुलानं ते अख्खं सत्र मामीच्या फोनवर काढलं.

म्हणून पातळ मशीन घेताना पहिला प्रश्न: रॅम सोल्डर केलेली, म्हणजे बोर्डावर डाग देऊन कायमची बसवलेली, आहे का? बहुतेक हलक्या मशीनमध्ये असते आणि त्यात सगळंच वाईट नाही. तशी रॅम वीज कमी खाते, जागा कमी घेते. पण मग जे घ्यायचं ते पहिल्या दिवशीच. १६ जीबी. आठ नाही, "आठ पुरतात मॅडम" म्हणाला तरी नाही. मधला एक प्रकार असतो, ८ जीबी बोर्डावर आणि एक खाच रिकामी. तो चालेल, पैसे कमी पडले तर पुढच्या वर्षी खाचेत रॅमची काडी टाकून देईन. साठवण ५१२ जीबी पुरे. एसएसडी (फाइली साठवणारी ड्राइव्ह) बहुतेक मशीनमध्ये बदलता येते, त्यामुळे तिथे जीव अडकवू नकोस.

त्याच मशीनचा दुसरा आजार बिजागरीचा. हा माझ्याकडे सगळ्यात जास्त येतो. पडद्याची बिजागरी लोखंडी असते, पण ती स्क्रूनं बसते प्लास्टिकच्या इवल्याशा खांबांमध्ये. प्रत्येक खांबात दाण्याएवढा पितळी नट रुतवलेला. बिजागरी घट्ट असली की झाकण उघडताना दर वेळी तो नट वर ओढला जातो. वर्ष-दीड वर्षानं खांबाला पांढरी चीर जाते, मग एके सकाळी 'कट्' असा आवाज येतो आणि कोपरा फाकतो. उघडल्यावर आत पांढरी भुकटी आणि सुटा फिरणारा नट. एपॉक्सी भरून मी तो बसवतो, पण पहिल्यासारखा होत नाही. तेव्हा दुकानात मशीन सपाट टेबलावर ठेव आणि एकाच बोटानं झाकण मधोमध धरून उचल. खालचा भाग टेबल न सोडता झाकण वर आलं तर बिजागरी नीट आहे. बूडही सोबत उचललं गेलं तर ती फार घट्ट आहे. आणि घेतल्यावर रोज मधूनच उघड, कोपरा धरून नाही.

कीबोर्डच्या मधोमध, जी-एचच्या आसपास बोट दाबून बघ. पुठ्ठ्यासारखं आत जात असेल तर सोड. पडदा दुकानातल्या झगझगीत दिव्याखाली बघू नकोस, दारापाशी उजेडात ने. २५० निट्सचा (निट्स म्हणजे उजेडाचं माप) पडदा खिडकीजवळ आरसा होतो, ३०० च्या वर असू दे, आयपीएस (बाजूनं बघितलं तरी रंग नीट दिसणारा) असू दे, चकचकीत नको. एचडीएमआय आणि एक तरी मोठी यूएसबी खाच हवी. सेमिनारच्या दिवशी प्रोजेक्टरसमोर अडॅप्टर शोधत फिरणारी पोरं मी बघतो, आणि झेरॉक्सवाला अजून पेनड्राइव्हच मागतो.

प्रोसेसरबद्दल तुझे मित्र खूप बोलतील. बोलू दे. बी.एस्सी.च्या गणित-संख्याशास्त्र-कॉम्प्युटरला वेगळं ग्राफिक कार्ड लागत नाही. सी, पायथन, आर, एक्सेल, सगळं साध्या मशीनवर पळतं. फक्त नावांच्या खेळाला फसू नकोस. २०२३ मध्ये एएमडी कंपनीनं आपल्या रायझन प्रोसेसरच्या ७००० मालिकेत जुने-नवे गाभे (प्रोसेसरच्या आतले काम करणारे भाग, म्हणजे कोअर) एकाच टोपलीत घातले. त्या आकड्यातला तिसरा अंक बघायचा. ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २ (झेन हे त्यांच्या गाभ्यांच्या पिढ्यांचं नाव), तो २०१९ चा गाभा. ७५३०यू मधला ३ म्हणजे झेन ३, तो तुला पुरेसा आहे. आकडा पुढे दहानंच सरकतो आणि मशीन एक पिढी बदलतं. इंटेलमध्ये आय-३ च्या पुढे एन लागला असेल, जसं एन३०५, तर त्यात सगळे गाभे छोटे, वीज वाचवणारे असतात. नोट्स लिहायला ठीक, तीन वर्षांच्या पदवीला तोकडा. नावाच्या शेवटी एच असलेले ताकदवान, पण तापतात आणि बॅटरी पितात.

मॅकबुक एअर? मशीन उत्तम, खोटं कशाला बोलू. २०२२ चा एम-२ वाला १ किलो २४० ग्रॅम, आत पंखाच नाही, बॅटरी खरंच दिवसभर जाते. आर आणि पायथनही नीट चालतात. पण नवा आपल्या साठात बसत नाही आणि स्वस्तात मिळणारा जुना बहुतेक ८ जीबीचा असतो, त्यात पुढे काहीही वाढत नाही. दादाची गोष्ट आठव.

बाबांना साठ जड जात असतील तर लाज न वाटू देता मला सांग. कंपन्यांच्या ऑफिसातून परत आलेले, वापरलेले बिझनेस मालिकेचे लॅपटॉप मिळतात, अंग मजबूत, बिजागरी धातूत बसवलेली, कीबोर्ड तर नव्यापेक्षा चांगला. निम्म्या पैशात काम होतं. मात्र इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचीच घ्यायची, कारण त्याआधीच्यांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आणि बॅटरी तपासल्याशिवाय नाही. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत पॉवरसीएफजी, मग एक जागा, मग तिरकी रेघ (/) आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट एवढं टाइप करायचं. एक पान तयार होतं. त्यात मुळात किती क्षमता होती आणि आज किती भरते, हे दोन आकडे शेजारी मिळतात. सत्तर टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून कापायला लाव. दुकानदार कुरकुरेल, कापेल.

खरेदी सिल्व्हर मॉलमधून की ऑनलाइन, यावर ताईचं आणि बाबांचं घरात भांडण चालू असणार. कुठूनही घ्या, पण जीएसटीचं पक्कं बिल तुझ्या नावानं, आणि सांडणं-पडणं कव्हर करणारी वॉरंटी शक्य असेल तर पहिल्याच वेळी. साध्या वॉरंटीत चहा येत नाही. चहावरून आठवलं. कधी सांडलाच तर बटण दाबून लगेच बंद कर, चार्जर काढ, उलटा तंबूसारखा उभा कर आणि माझ्याकडे आण. 'चालतोय का' बघायला परत सुरू करू नकोस. तांदळाच्या डब्यातही घालू नकोस, तांदूळ साखर शोषत नाही. बोर्डावर जी गंज चढते ती त्या चिकट थरापायी, तो घासूनच काढावा लागतो.

घरी वापरताना चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती चालू ठेव. गोधडीवर ठेवून काम करू नकोस, खालून हवा लागते त्याला. आणि पावसाळ्यात बॅगेच्या वरच्या कव्हरवर विसंबू नकोस. आत एक जाड प्लास्टिकची पिशवी ठेव, दुधाची धुतलेली नको, मोठी घे.

आता पुढचं. रविवारी सकाळी आठच्या बसनं निघ. तुझी कॉलेजची बॅग पूर्ण भरून आण, बाटलीत पाणी, डब्यात जेवण, फाइल, छत्री, सगळं. किराणावाल्याला सांगून ठेवलंय. आधी बॅगचं वजन करू, मग किती जागा उरते ते बघून बाजारात जाऊ. डबा रिकामा आणलास तरी मामी तो भरूनच देणार आहे, तेव्हा परतीचं वजन वेगळं धर.

ताईला आणि बाबांना नमस्कार.

तुझा
मामा