गावाकडे लाइट गेली की विद्यापीठाच्या लिनक्स सर्व्हरवरचा प्रोग्राम बंद पडतो. नवीन लॅपटॉप घेऊ का?

तुमचं गाव केज तालुक्यात, विभागाच्या सर्व्हरवर खातं मिळालंय, पण लाइट गेली की रात्रभराचं काम वाया जातं, असं तुम्ही लिहिलंय. लॅपटॉपवर पैसे घालू नका. हिशेब सगळा सर्व्हर करतो, तुमच्याकडे फक्त अक्षरं ये-जा करतात. ४ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर, एका कांडीच्या रेंजमध्येही भागतं.

मराठवाड्यातल्याच एका विद्यापीठात मी असा सर्व्हर सांभाळतो, आणि पावसाळा लागला की हीच तक्रार घेऊन मुलं येतात. एसएसएच, म्हणजे सर्व्हरशी दुरून केलेली जोडणी, तुटली की तुमचा शेल (तुमच्या आज्ञा घेणारा प्रोग्राम) बंद होतो आणि त्यात चालू असलेल्या प्रोग्रामला हँगअपचा सिग्नल जातो, म्हणून तोही मरतो. त्यावर टीमक्स (tmux) वापरा, जोडणी तुटली तरी हा प्रोग्राम सर्व्हरवर तुमचं काम चालू ठेवतो. लॉगिन केल्या केल्या टीमक्स सुरू करा, प्रोग्राम त्याच्या आत चालवा, मग कंट्रोल-बी दाबून सोडा आणि डी दाबा. तुम्ही बाहेर आलात तरी प्रोग्राम आत चालूच राहतो. डी दाबायच्या आधीच लाइट गेली तरी बिघडत नाही. नंतर लॉगिन करून ‘टीमक्स अटॅच’ म्हणा, सगळं जागेवर दिसेल. डीपी जळाला आणि दोन दिवस लाइटच नाही, तर मोबाइलवरच्या टर्मक्स या टर्मिनल अ‍ॅपमधूनही बघता येतं. मात्र सर्व्हरच रीस्टार्ट झाला तर टीमक्सही जातं, म्हणून मधले निकाल फाइलमध्ये लिहीत चला.

तुम्ही विचारलं नाही, तरी एक गोष्ट कळकळीने सांगतो. त्या मशीनवर एम.एस्सी.ची मुलं, पीएच.डी.वाले, सर-मॅडम सगळेच असतात. रॅम संपली की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कुठला तरी प्रोग्राम मारतो, आणि तो तुमचाच असेल असं नाही. कुणाच्या तरी प्रबंधाचा असू शकतो. म्हणून मोठं काम लावण्याआधी एचटॉप (सर्व्हरवरचा भार दाखवणारा प्रोग्राम) उघडून मोकळी रॅम बघा. नाइस या आज्ञेने कामाचं प्राधान्य सगळ्यांत खाली, म्हणजे १९ वर, ठेवलंत तर दुसऱ्याला प्रोसेसर लागेल तेव्हा तुमचं काम मागे सरतं, एरवी वेगात चालतं. रॅमच्या बाबतीत मात्र नाइसचा काही उपयोग नाही. सर्व्हरवर स्लर्म (कामं रांगेत लावणारा प्रोग्राम) असेल तर जड काम रांगेतच लावा.

पासवर्ड मित्रालाही देऊ नका. पायथनची पॅकेजेस व्हेन्व्हमध्ये (पॅकेजेससाठीचा वेगळा कप्पा) तुमच्याच खात्यात बसतात, त्यासाठी सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार, लागत नाहीत. टीमक्स नसेल तर अ‍ॅडमिनला ईमेल टाका, बसवायला फार वेळ लागत नाही. तोवर ‘स्क्रीन’ हा तसाच प्रोग्राम आहे का ते बघा.