वर्किंग पेपर मालिकेत (जर्नलमध्ये छापण्याआधी संशोधनाचा मसुदा जिथे खुला करतात) पेपर दिला तर जर्नल नंतर नाकारतं का?

अर्थशास्त्रात तरी सहसा नाही, तिथे ही रीतच आहे. अमेरिकेतल्या एनबीईआर या अर्थशास्त्र संशोधन संस्थेची मालिका १९७३ पासून चालू आहे आणि पेपरच्या सुरुवातीलाच छापलेलं असतं: चर्चेसाठी प्रसृत, पीअर रिव्ह्यू (इतर तज्ज्ञांकडून परीक्षण) झालेला नाही. मात्र तिथे कोणीही उठून पेपर पाठवू शकत नाही, एक तरी लेखक त्यांच्याशी संलग्न लागतो. बाहेरच्यांसाठी एसएसआरएन हे असे मसुदे ठेवायचं संकेतस्थळ बरं. तिथली तपासणी वरवरची असते.

तरी ज्या जर्नलवर डोळा आहे त्याचे नियम आधी वाचा. दुहेरी अनाम परीक्षण (लेखक आणि परीक्षक दोघांपासून एकमेकांची नावं लपवलेली) असेल तर परीक्षक शीर्षक गुगल करतो (करतातच!) आणि तुमचं नाव समोर येतं. शिवाय पहिल्या पानावर आवृत्तीची तारीख टाका, नाहीतर लोक जुनेच आकडे उद्धृत करत बसतात.