रोज कोल्ड्रिंक पिणाऱ्या कॉलेजच्या मुलाची शुगर वाढते का, अंगाने बारीक असला तरी?

वय वीस, हॉस्टेलला राहता, मेसच्या जेवणासोबत रोज कोल्ड्रिंक लागतं, वजन मात्र छप्पन्न किलो. मग काळजी करायची का, असं तुम्ही विचारलंय. करायची. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, तिथूनच सांगतो.

मधुमेह तपासायला आम्ही ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात कालवून पाच मिनिटांत प्यायला देतो आणि दोन तासांनी रक्त घेतो. आता कोलाच्या ७५० मिलीच्या बाटलीमागची बारीक अक्षरं वाचा. साखर १०० मिलीमागे साधारण १०-११ ग्रॅम लिहिलेली असते, म्हणून आकडा किरकोळ वाटतो. त्याला साडेसातने गुणा. शरीराची परीक्षा घ्यायला आम्ही जेवढं ग्लुकोज देतो, वजनाने तेवढी साखर त्या एका बाटलीत असते. त्यातलं निम्मं फ्रुक्टोज. ते रक्तातली शुगर फारशी चढवत नाही, पण जादा झालं की यकृतात त्याची चरबी होते.

विशीतल्या निरोगी मुलाची चढलेली शुगर इन्सुलिन दोन-तीन तासांत खाली आणतं. त्यामुळे उपाशीपोटीचा रिपोर्ट ८५-९० येतो आणि मुलं निर्धास्त होतात. रिपोर्ट खरा असतो, पण इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडाला रोज किती राबावं लागतंय ते त्यात दिसत नाही.

बारीक असण्यावर तर मुळीच विसंबू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! आपल्याकडे हातापायांनी काटकुळ्या माणसाच्याही पोटात चरबी साठलेली असते. ‘बीएमजे’ या दुसऱ्या वैद्यकीय नियतकालिकात २०१५ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा रोज एक साखरेचं पेय घेणाऱ्यांमध्ये टाइप २ मधुमेहाचं प्रमाण १८ टक्के जास्त निघालं, वजनाचा परिणाम वजा केल्यावरही १३ टक्के.

तेव्हा आधी जेवणासोबतचं कोल्ड्रिंक बंद करा, ताक किंवा साधं पाणी घ्या. घरात कुणाला मधुमेह असेल तर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) करून घ्या, ५.७ टक्के किंवा वर आलं तर डॉक्टरांना दाखवा. आणि सारखी तहान, रात्री लघवीला उठणं, न कळत वजन उतरणं असं काही होत असेल तर ती तहान कोल्ड्रिंकवर भागवू नका, त्याच दिवशी रक्त तपासा.