राष्ट्राध्यक्ष म्हणजे नुसती सही का?

प्रश्न: अमेरिकेचा प्रेसिडेंट रोज बातम्यांत असतो, धडाधड ऑर्डर काढतो. जर्मनीलाही राष्ट्राध्यक्ष आहे पण नाव विचारलं तर पटकन आठवत नाही. पद एकच ना? आणि नुसतं सहीपुरतं असेल तर ते ठेवायचंच कशाला?

उत्तर: प्रश्न आवडला, कारण हा गोंधळ खूप जणांचा होतो. नाव एकच असलं तरी कामं दोन आहेत, देशाचा प्रमुख असणं वेगळं आणि सरकार चालवणं वेगळं. अमेरिकेत दोन्ही एकाच माणसाकडे आहेत, जर्मनीत सरकार चॅन्सलर, म्हणजे तिथले पंतप्रधान, चालवतात, राष्ट्राध्यक्षाकडे पहिलंच काम. फ्रान्समध्ये तर निवडणुकीवर अवलंबून, १९८६ मध्ये संसदेत विरोधकांचं बहुमत आलं आणि राष्ट्राध्यक्ष मितराँना विरोधी बाजूच्या शिराक यांना पंतप्रधान करावं लागलं, मग देशातला कारभार बराचसा तिकडे गेला.

बरं, अमेरिकेचा प्रेसिडेंट मनात येईल ते करू शकतो असंही नाही हां. सैन्याचा प्रमुख तो, पण युद्ध जाहीर करायचा अधिकार काँग्रेसचा म्हणजे तिथल्या संसदेचा, परदेशाशी तह केला तर सेनेटची, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाची, दोन तृतीयांश मतं लागतात, आणि त्याने बिलावर व्हेटो वापरला, म्हणजे ते नाकारलं, तरी दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी ते परत पास केलं की कायदा होतोच.

आता सहीबद्दल. मला स्वतःला हे पद सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते इथेच. जर्मनीत २००६ मध्ये हवाई वाहतूक नियंत्रणाचं खासगीकरण करायचा कायदा संसदेने पास केला होता, राष्ट्राध्यक्ष हॉर्स्ट कोलर यांनी सही केली नाही, हे काम राज्यघटनेप्रमाणे सरकारनेच करायचं आहे म्हणाले, आणि कायदा तिथेच अडला. त्याच वर्षी अजून एका कायद्याला त्यांनी सही नाकारली. म्हणजे सही करणारा आधी वाचतो, राज्यघटनेत बसतंय का बघतो, आणि नसेल बसत तर थांबवतो.

दुसरी वेळ म्हणजे सरकारच नसतं तेव्हाची. इटलीत २०२१ च्या सुरुवातीला आघाडी मोडली, नवीन काही जमेना, तेव्हा राष्ट्राध्यक्ष मातारेल्ला यांनी मारिओ द्रागी यांना बोलावून सरकार बनवायला सांगितलं, जे खासदारसुद्धा नव्हते. एरवी शांत दिसणाऱ्या माणसाने पंतप्रधान शोधून दिला, आणि बहुतेक पक्षांनीही तो मान्य केला.