मराठी घरातल्या मुलीने बी.ए.ला असमिया घ्यावं का?

तुमचा प्रश्न असा : वडील ओएनजीसीत, बदली आसामातल्या शिवसागरला, बारावी तिथेच झाली, बोलण्यापुरती असमिया येते. आता मेजरला इंग्रजी घ्यावं की असमिया, आणि असमिया झेपेल का?

घ्या. घरी मराठी आणि बाहेर असमिया अशीच मीही वाढले, उजनी आसामात (उजनी म्हणजे आपलं धरण नव्हे, वरचा आसाम) बी.ए. केलं, मग गुवाहाटीला एम.ए.

लिपीचा बाऊ करू नका, महिनाभरात हात बसतो. बंगाली येत असेल तर उलट जास्त जपा. बंगालीत 'र'च्या खाली टिंब असतं, असमियात त्याच्या पोटात तिरकी रेघ. टिंब दिलंत की सर लाल गोल करतात, आणि तो गोल जरा रागानेच काढलेला असतो. त्यामागे इतिहास आहे. १८३६ मध्ये आसामच्या कोर्टकचेऱ्यांत आणि शाळांत असमियाऐवजी बंगाली आली, ती १८७३ पर्यंत राहिली. त्याच काळात, १८४६ला, अमेरिकन बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी 'अरुणोदइ' हे असमिया मासिक काढलं, तेही तुमच्याच शिवसागरातून. या वादावर पेपरात प्रश्न हमखास येतो.

खरा घाम फुटतो तो वैष्णव संत शंकरदेवांच्या अंकिया नाटांना, म्हणजे एकांकी भक्तिनाटकांना. त्यांची भाषा ब्रजावली, ती रोजच्या असमियापेक्षा बरीच वेगळी. नुसतं पुस्तक घेऊन बसलात तर कंटाळाल. नामघरात (गावच्या प्रार्थनागृहात) रात्रभर चालणारी भाओना, म्हणजे या नाटांचा प्रयोग, एकदा बघा. गायन-बायन, म्हणजे गाणारे-वाजवणारे, खोल (मृदंगासारखं वाद्य) आणि टाळ घेऊन येतात, सूत्रधार सुरुवातीला येतो तो शेवटपर्यंत मंचावरच असतो, आणि पुस्तकात कोरडे वाटलेले त्याचे श्लोक तिथे नाचत पुढे सरकतात. बुरंजी, म्हणजे आहोम राजांच्या काळातले इतिहासग्रंथ, मात्र तुम्हाला सोप्या जातील. बखरी वाचलेल्याला आहोम दरबाराचं ते गद्य परकं वाटत नाही.

लोकसंस्कृतीच्या पेपरला बरेच जण 'मार्कांचा पेपर' म्हणतात. मला तो सगळ्यात अवघड गेला आणि सगळ्यात आवडला. आम्हाला गावात जाऊन बियानाम, म्हणजे लग्नातली गाणी, गोळा करायची होती. एका आजींसमोर मोबाइल धरला आणि म्हटलं, "आइता, एक जोरानाम सांगा ना." त्या दोन ओळी म्हणून थांबल्या. पुढचं आठवेना. मग कुंपणापलीकडच्या दोघींना हाक मारली, तामोल-पान (सुपारी-पान) झालं, त्या समोर बसल्या आणि नवरदेवाच्या नाकावरून एक टोमणा आला. त्यासरशी आजींना उत्तर सुचलं आणि मग तासभर थांबल्याच नाहीत. जोरानाम म्हणजे दोन पक्षांनी एकमेकांना डिवचायचं गाणं, ते एकटीने कसं म्हणणार? अहवालात मी गाण्यांइतकंच कोण कुठे बसलं, कोण कधी हसलं हेही लिहिलं. सरांनी तेवढंच पान वर्गात वाचून दाखवलं.

म्हणून हा विषय आसामबाहेरून, नोट्स मागवून करू नये असं माझं ठाम मत आहे. बोहाग बिहूला (असमिया नववर्षाच्या सणाला) अंगणात येणारी हुसरी, म्हणजे घरोघर गात-नाचत फिरणारा मेळा, पेपा (शिंगाचं वाद्य) नि गगना (बांबूचं वाद्य) यांचे आवाज, हे तिथे राहिल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

नोकरीचं म्हणाल तर मुख्य वाट शिकवण्याची : बी.एड., टीईटी किंवा नेट. यूपीएससीला असमिया साहित्य हा वैकल्पिक विषय आहे. भाषांतराचं कामही मिळतं, मराठी-असमिया थेट करणारे फारच थोडे आहेत, पण त्यावर घर चालेल असं धरू नका. २०२४ला मराठीबरोबर असमियालाही अभिजात दर्जा मिळाला, त्याने लगेच जागा निघतील या भरवशावरही राहू नका. आणि पदवी घेऊन पुण्यात परतायचं ठरलंच असेल, तर इंग्रजी मेजर नि असमिया मायनर बरं.

उत्तरपत्रिका असमियातच लिहायची असते, त्यामुळे आत्तापासून रोज पानभर लिहायला लागा. प्रवेशाआधी विभागात जाऊन एवढं विचारा की लोकसंस्कृतीच्या पेपरला मुलांना गावात नेतात, की गाइडवरच भागवतात.