लोजबानमध्ये काळ नसतो का?

प्रश्न: दादा, मी कॉलेज रोडला राहते, लोजबान ही तर्कावर बेतलेली, मुद्दाम घडवलेली भाषा शिकतेय. क्रियापदाचं रूपच बदलत नाही, मग काल गेले की उद्या जाणार हे समोरच्याला कळणार कसं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, काळ आहे पण तो सांगायची सक्ती नाही. १९८७ पासून ही भाषा अशीच घडवत नेलीय की जे सांगायचंय तेवढंच सांगा. ‘मी क्लामा ला नाशिक’ म्हणजे मी नाशिकला गेले, जाते किंवा जाईन, संदर्भावरून समजून घ्यायचं (आणि हो, तिथेही ‘मी’ म्हणजे मीच, किती छान ना!). नेमकं सांगायचं तर क्लामाच्या (म्हणजे जाणे किंवा येणे) आधी पु लावा, झाला भूतकाळ, शा म्हणजे आत्ता आणि बा म्हणजे पुढे.

आता खरी गंमत बघा, आपण सीबीएस बस स्टँडला मैत्रीण ताटकळत असताना घरातूनच फोनवर सांगतो ‘आलेच!’, रूप भूतकाळाचं आणि अजून चपलासुद्धा घातलेल्या नसतात. लोजबानमध्ये हे चालत नाही, तिथे ‘मी बा झि क्लामा’ म्हणायचं, म्हणजे पुढे पण लगेचच. झि थोडं अंतर, झा मध्यम, झु लांबचं, पण किती मिनिटं किंवा वर्षं ते बोलणाऱ्यावर.

क्रम मात्र सांभाळा, पु बा म्हणजे आधी भूतकाळात जायचं आणि तिथून पुढे बघायचं, ‘जाणार होते’सारखं. मला हीच जोडी सगळ्यात आवडते. सुरुवातीला पु, शा, बा एवढंच रोज वापरा, बाकीचं हळूहळू येईल.