नांगर नाळेवर बसलाय, पण बांधलाय का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: 32 फुटी शिडाची बोट, नाळेवरच्या (बोटीच्या पुढच्या टोकावरच्या) रोलरमध्ये 15 किलोचा नांगर, 8 मिलिमीटरची साखळी आणि नवा इलेक्ट्रिक विंडलास. समोरून लाटा आल्या की नांगर खडखडतो. विंडलासचा क्लच गच्च आवळला तर भागेल का? की कोणी सुचवलं तसं बंजी कॉर्डने, म्हणजे ताणणाऱ्या रबरी दोरीने, आवळून टाकावा?

दोन्हीचं उत्तर 'नाही' असंच आहे. बंजी नांगराला धरत नाही, झोका देते. विंडलास हे साखळी ओढायचं यंत्र आहे, बोट चालू असताना नांगर धरून ठेवायचं नाही. क्लच नुसत्या घर्षणावर धरतो. नाळ तासन् तास आपटत राहिली की तो जरा जरा सरकतो. सरकला नाही तरी प्रत्येक हिसका गिअरबॉक्सच्या दात्यांवर जातो. बहुतेक विंडलासच्या माहितीपुस्तकात ही सूचना असते, पण ते पुस्तक बसवणाऱ्याच्या पिशवीतच राहतं.

'15 किलो तर आहे, जाईल कुठे' असं वाटत असेल तर एक हिशोब करून बघा. नाळ लाटेत घुसते तेव्हा पाणी नांगराच्या फाळावर, म्हणजे जमिनीत रुतणाऱ्या पसरट भागावर, खालून आणि समोरून आदळतं. बोटीचा वेग आणि नाळ खाली येण्याचा वेग मिळून सेकंदाला 5 मीटर धरला आणि फाळ साधारण एक फूट लांब, एक फूट रुंद धरला, तर त्या पाण्याचा दाब सव्वाशे-दीडशे किलो वजनाइतका भरतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. म्हणजे नांगर स्वतःच्या वजनाने खाली पडेल ही भीती दुय्यम आहे. खरी भीती तो वर उचलला जाऊन रोलरबाहेर फेकला जाण्याची. बांधताना बहुतेक लोक फक्त 'पुढे निसटू नये' एवढंच बघतात. अडवायच्या असतात तीन हालचाली: पुढे, वर आणि आडवी.

हे मी शिकलो ते ठेच लागूनच. बरीच वर्षं क्लचच्या भरवशावर फिरलो. एका रात्री इंजिनावर, समोरच्या आखूड लाटांत चाललो होतो. क्लच एकेक कडी सोडत होता आणि इंजिनाच्या आवाजात कोणाला पत्ता नाही. नांगर त्याच्या दांड्याच्या (फाळ आणि साखळी यांना जोडणाऱ्या लांब भागाच्या) लांबीइतका खाली लोंबल्यावर फाळ पाण्याच्या रेषेपाशी आपटायला लागला, तेव्हा बोटीच्या आत आवाज ऐकू आला. घाबरून मी विंडलासचं बटण दाबलं, तेही बोट पुढे चालू असताना. नांगर झुलत आला आणि नाळेवर शेवटचा आणि सगळ्यात मोठा खड्डा त्याने तेव्हा पाडला. आधी बोट थांबवायची, नाळ लाटांपासून फिरवून घ्यायची, इंजिन न्यूट्रलला टाकायचं, नांगर वर घेऊन बांधायचा आणि मग पुढे जायचं. हा क्रम मला आज झोपेतही सांगता येईल. क्लच पूर्ण सुटला असता तर 40 मीटर साखळी, म्हणजे 55 किलोच्या आसपास लोखंड, काही क्षणांत पाण्यात गेलं असतं आणि खोली कमी असती तर चालती बोट नांगरावर अडकली असती.

आता मी काय करतो ते सांगतो. नांगर वर आला की शेवटचे वीतभर अंतर बटणाला हलके ठोके देत आणतो. मोटरच्या जोराने ठोकून बसवला तर रोलरचे गाल (दोन्ही बाजूंच्या पट्ट्या) वाकतात. मग साखळीच्या कडीत हूक अडकवतो. तो टर्नबकलने (फिरवून आवळायच्या स्क्रूच्या जोडणीने) डेकवरच्या भक्कम कड्याला जोडलेला आहे. टर्नबकल फिरवत नांगर मागे खेचून रोलरमध्ये दाबून बसवायचा. त्यानंतर रोलरच्या दोन्ही गालांतून आणि दांड्याच्या भोकातून आरपार पिन. शेवटी विंडलासवरची साखळी थोडी सैल करून त्याचा विजेचा ब्रेकर बंद. हे शेवटचं विसरू नका. डेकवरच्या बटणावर पाय पडून नांगर सुटल्याच्या गोष्टी सगळ्या धक्क्यांवर ऐकायला मिळतात. शिवाय विंडलासवर ताण राहिला तर एवढं सगळं करून उपयोग काय?

पिनबद्दल थोडं. भोकात ती ढिली असेल तर दर लाटेला ठोकत राहते आणि भोक मोठं होत जातं. गोळ्यांची झटपट सुटणारी पिन दिसायला छान, पण खाऱ्या पाण्यात तिच्या गोळ्या अडकतात. मी साधी जाड पिन वापरतो, दोरीने बोटीला बांधलेली, म्हणजे हातातून सुटली तरी समुद्रात जात नाही.

टर्नबकल नसेल तर दोरीचं बांधकामही उत्तम चालतं. फक्त दोरी न ताणणारी हवी: डायनीमा किंवा कमी ताणाची पॉलिस्टर. नायलॉन इथे नको, नांगर टाकल्यावर त्याचा जो ताणला जाण्याचा गुण कामी येतो तोच इथे अवगुण ठरतो. 6 मिलिमीटरच्या दोरीचे चार-पाच वेढे दांड्याच्या भोकातून मागच्या क्लीटपर्यंत (दोर बांधायच्या खुंटीपर्यंत) घ्या. दुसरी दोरी फाळाजवळच्या कड्यातून दोन्ही बाजूंना आणि खालच्या दिशेला खेचून बांधा, उचलणं आणि झुलणं तीच अडवते. कडेवर घासते तिथे होजचा तुकडा घाला. आणि शेवट सुरगाठीने करा, निरगाठीने नाही. इंजिन बंद पडून बोट खडकांकडे वाहत चालली असेल तेव्हा नांगर हाच तुमचा ब्रेक असतो, आणि तेव्हा ओली, आवळलेली निरगाठ नखांनी सोडवत बसायला वेळ नसतो. माझी कसोटी अशी: अंधारात, एकट्या माणसाने, एका मिनिटात नांगर मोकळा करता आला पाहिजे.

म्हणूनच किनाऱ्याजवळ आणि अरुंद वाटांत मी पिन काढून ठेवतो, फक्त हूक राहू देतो. उलट अनेक दिवसांच्या खुल्या समुद्रातल्या सफरीला नांगर नाळेवर ठेवतच नाही. साखळीपासून सोडवून खाली, बोटीच्या मधोमध, बांधून टाकतो. नाळ हलकी होते. साखळी आत जाते ते भोकही बुजवा, नाहीतर दर लाटेला खालच्या कप्प्यात बादलीभर पाणी.

तुमचा नांगर कोणता ते लिहिलं नाहीत. अखंड दांड्याचा असेल तर काम सोपं. सीक्यूआर (CQR) जातीचा असेल तर दांड्यातल्या बिजागरीमुळे फाळ डोलतो आणि तो वेगळा बांधावा लागतो. 1933 साली जेफ्री इनग्रॅम टेलर या भौतिकशास्त्रज्ञाने तो काढला. इंग्रजीत ती तीन अक्षरं भरभर म्हटली की 'सिक्युअर' ऐकू येतं. नाळेवर मात्र सगळ्यात जास्त वळवळणारा नांगर तोच!

शॅकलची (नांगर साखळीला जोडणाऱ्या कडीची) पिन तारेने बांधली आहे ना, आणि साखळीचं आतलं टोक बोटीला दोरीने बांधलंय ना, हेही बघून घ्या. ती दोरी डेकपर्यंत येईल इतकी लांब हवी, म्हणजे वेळ आली तर सुरीने कापता येते.

बोट धक्क्याला असतानाच एक चाचणी करा. साखळीला एक राखीव दोर बांधून ठेवा, मग हूक आणि पिन लावून विंडलासचा क्लच पूर्ण सोडा. नांगराखाली बोटं न घालता तो वर उचलून बघा, दोन्ही बाजूंना ढकलून बघा. करंगळीएवढाही हलला तर कुठल्या दिशेला हलला ते इथे लिहा, मग त्या दिशेची दोरी कुठून घ्यायची ते सांगतो.